चित्राने शोधलेला रोग

आज मी आपल्याला एका चित्राची हकीकत सांगणार आहे. ते कोणा नामांकित चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेले नाही, कोणत्या चित्रशाळेत ते मिरवलेले नाही आणि आपल्या बैठकीच्या भिंतीवर ते लावावे असे कोणाच्या मनातही येणार नाही. हातात सहज धरता यावे एवढ्या एका जाड कार्डावर छापलेले ते एका आजारी मुलाचे रंगीत छायाचित्र आहे. मुलाचा चेहरा फोडांनी भरून गेलेला आहे. हातापायांवरही तसेच टपोरे फोड उठलेले आहेत. पाहणाऱ्याने क्षणभर दृष्टी दुसरीकडे वळवावी असेच ते दृश्य. परंतु १९७३ च्या शरद ऋतूपासून पुढे काही वर्षे आरोग्यखात्याचे सेवक हे कार्ड हाती घेऊन आपल्या देशातील कोट्यवधी घरांच्या दारांशी गेले. दाराशी उभे राहून ते विचारीत : असा रोगी कुठे पाहिला आहे काय? घरात, शेजारी, लेकीच्या सासरी, परवाच्या बाजारात?

हा प्रश्न आणि हे चित्र ह्यांच्या जोडीने देवीच्या रोगाचा माग काढला आणि १९७५ साली तो रोग ह्या देशातून कायमचा गेला. निरक्षरांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगण्यासाठी चित्रे वापरावीत, हा विचार जुनाच आहे. परंतु निरक्षरांकडून आरोग्याच्या गोष्टी समजून घेण्यासाठी चित्र वापरावे, हा विचार त्या मानाने नवा. आणि देवीच्या निर्मूलनाचा इतिहास चाळला असता दुसराच विचार अधिक फलदायी ठरला असे दिसून येते. ते कसे घडले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दांची अडचण पाहू. आपल्या मराठीत रोगाचे नाव आणि जगदंबेचे नाव एकच. घरात 'देवी आल्या' असे आपले पूर्वज म्हणत; रोग झाला असे म्हणत नसत. आलेल्या पाहुणीचा मान राखावा त्याप्रमाणे दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधीत, स्वयंपाकघरात फोडणी बंद होई आणि घरातली माणसे हलक्या आवाजात बोलू लागत. माळव्यात आणि ग्वाल्हेरच्या मुलखात हीच 'माता' झाली. वडोद्याकडे 'शीतळा' आणि 'बळिया'. हैदराबादच्या बाजूला 'अम्मवारू'. जी नावे आदराने घ्यावयाची, ती परक्या सरकारी माणसापुढे उच्चारण्यास कोण धजावणार? शिवाय ह्या नावांत आणखी एक घोटाळा होता. उत्तर हिंदुस्थानात 'बडी माता' म्हणजे देवी आणि 'छोटी माता' म्हणजे कांजिण्या, असा भेद असला तरी बोलताना नुसते 'माता' म्हणण्याचीच चाल अधिक. त्यामुळे 'गावात माता आहे काय?' ह्या प्रश्नाला कोणी भीतीने 'नाही' म्हणे, तर कोणी कांजिण्यांचा रोगी मनात धरून 'आहे' म्हणे. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असत आणि दोन्ही निरुपयोगी ठरत.

बोललेल्या शब्दाची ही गत, तर लिहिलेल्या शब्दाची काय कथा! १९७१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण उभ्या देशात एकतृतीयांशाच्या आसपास होते. स्त्रियांत ते त्याहून पुष्कळच कमी होते, आणि आजारी मुलाजवळ रात्रंदिवस बसून त्याच्या अंगावरचा फोड अन् फोड पाहणारी व्यक्ती म्हणजे बहुधा स्त्रीच. म्हणजे ज्या डोळ्यांनी रोग पाहिला, त्या डोळ्यांना अक्षर ठाऊक नव्हते. आणि ज्यांना अक्षर ठाऊक होते, त्या कचेरीतल्या लोकांनी रोगी पाहिलेला नव्हता. ह्या दोहोंमध्ये पूल बांधावयाचा होता.

हा पूल बांधण्याचे प्रयत्न पूर्वी झालेच नाहीत असे मात्र नाही. जेन्नरची लस हिंदुस्थानात प्रथम लागू पडली ती मुंबईत. १४ जून १८०२ रोजी अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि तिच्यापासून पुढे ही लस हाताहातांतून इतर प्रांतांत पोहोचली. लोकांचा विश्वास कसा मिळवावा, हा प्रश्न तेव्हापासूनच उभा राहिला. म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रियांचे सुमारे १८०५ साली काढलेले एक मोठे तैलचित्र आहे. ते टॉमस हिकी ह्या आयरिश चित्रकाराचे मानले जाते. त्यातील एका तरुण राणीने साडीचा पदर दंडावरून किंचित बाजूला केलेला दिसतो. नायजेल चॅन्सेलर ह्या इतिहासकाराचे मत असे की, लस टोचली ती जागा दाखविण्यासाठीच ती तशी उभी आहे आणि सारे चित्र नव्या लसीच्या प्रचारासाठी काढलेले असावे. हे मत ग्राह्य धरले, तर आपल्या देशातील आरोग्यप्रचाराचे ते एक अत्यंत जुने चित्र म्हणावे लागेल. परंतु ह्या चित्राची भाषा दरबारी होती. राणीने लस घेतली म्हणून सरदारांनी घ्यावी, सरदारांनी घेतली म्हणून रयतेने घ्यावी, अशी ती उतरंड. शेतावर राबणाऱ्या स्त्रीला ते चित्र दिसण्याचा संभव नव्हता आणि तिला काही विचारण्याचा त्याचा हेतूही नव्हता.

पुढील दीडशे वर्षे लसीचा प्रसार मुख्यतः हुकुमाच्या आणि नोंदवहीच्या बळावर झाला. १८८० साली लस टोचण्याचा कायदा आला. गावोगाव 'देवी काढणारा' येऊ लागला. आपल्याकडे लस टोचण्यालाच 'देवी काढणे' म्हणू लागले, ह्यावरून तो माणूस लोकजीवनात किती मिसळून गेला होता हे कळते. तो आला म्हणजे मुले माळ्यावर लपत, आया शेताकडे निघून जात. फलक लागले, हस्तपत्रिका निघाल्या, दवंड्या पिटल्या गेल्या. ह्या सर्वांत एक गोष्ट समान होती : सांगणारा सरकारी आणि ऐकणारा गावकरी. गावकऱ्याला काही ठाऊक असेल, ते आपण विचारावे, अशी कल्पना त्या व्यवस्थेत क्वचितच दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली राष्ट्रीय देवी-निर्मूलन योजना सुरू झाली. सर्व लोकसंख्येला लस टोचावयाची, असा तिचा रोख होता. कोट्यवधी लोकांना लस टोचली गेली, आकडे फुगत गेले, तरी रोग हटेना. कारण उघड होते. शाळेत जाणाऱ्या मुलाला तीन-तीनदा लस मिळे. आणि वीटभट्टीवरच्या मजुराला, भटक्या कुटुंबाला, भिक्षेकऱ्याला ती एकदाही मिळत नसे. रोग नेमका ह्याच लोकांच्या संगतीने प्रवास करी.

तोडगा निघाला तो दूर आफ्रिकेत. १९६६ च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात देवीची साथ उठली, तेव्हा विल्यम फेगी ह्या अमेरिकन डॉक्टरांजवळ सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती. त्यांनी त्या भागातील मिशनऱ्यांकडे बिनतारी यंत्रावरून चौकशी केली, कोणत्या गावी रोगी आहे ते शोधले आणि त्या रोग्याभोवतीच्या माणसांनाच तेवढी लस टोचली. साथ थांबली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ साली जी जोरदार मोहीम उघडली, तिने हीच रीत स्वीकारली. रोगी शोधावा आणि त्याच्याभोवती लसीचे कुंपण घालावे.

देवीच्या रोगाला ही रीत लागू पडण्याचे कारण त्या रोगाच्या स्वभावातच होते. तो माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात राहत नसे. अंगावर लक्षण नाही पण रोग मात्र पसरवीत आहे, असा छुपा वाहक त्यात आढळत नसे. संसर्ग झाल्यापासून सुमारे बारा दिवसांनी ताप येई आणि त्यानंतर पुरळ उठे. रोगी इतरांना बाधा करी तो बहुतांशी पुरळ उठल्यावरच. म्हणजे हा रोग स्वतःची नोंद रोग्याच्या चेहऱ्यावर करून ठेवी. ती वाचणारा वेळेवर भेटला, तर पुढच्या दोन आठवड्यांत होणारी नवी लागण थांबविता येई. उशीर झाला, तर एकाचे पाच आणि पाचांचे पंचवीस होत. ह्या रोगाच्या उग्र प्रकारात शंभरांतील वीस ते तीस रोगी दगावत. वाचलेल्यांपैकी कित्येकांचा चेहरा वणांनी भरे आणि काहींची दृष्टी जाई. तेव्हा आठ दिवस आधी बातमी मिळणे म्हणजे कोणाचे तरी मूल वाचणे, असा हा रोकडा हिशेब होता.

परंतु ही बातमी द्यावी कोणी? इस्पितळांच्या नोंदींवर विसंबून चालणार नव्हते, कारण देवीचा रोगी इस्पितळात नेण्याची चालच नव्हती. येथे चित्र पुढे आले, आणि ते आले इंडोनेशियातून. तेथील मोहीम १९६८ साली सुरू झाली आणि १९७२ च्या आरंभी तो देश रोगमुक्त झाला. जावा बेटावरील आरोग्यसेवकांच्या असे ध्यानात आले की, देवीच्या रोग्यांची छायाचित्रे घेऊन शाळेत गेले आणि मुलांना दाखविली, तर मुले चटकन सांगतात : हा असा मुलगा आमच्या वाडीत आहे. शाळेतील मुले निरनिराळ्या वस्त्यांतून येतात, त्यांचे डोळे तीक्ष्ण असतात आणि मोठ्या माणसांप्रमाणे काय सांगावे नि काय झाकावे हा विचार ती करीत बसत नाहीत. नोंदवहीत ज्यांचा मागमूस नव्हता अशा कितीतरी साथी ह्या मुलांनी उघडकीस आणल्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने असे ओळखकार्ड मोठ्या प्रमाणावर छापून ठिकठिकाणच्या मोहिमांना पुरविले.

त्या कार्डात काय होते आणि काय नव्हते, हे नीट पाहण्यासारखे आहे. त्यात रोगजंतू नव्हता. सुई नव्हती, डॉक्टर नव्हता, पांढरा कोट नव्हता. बाण, खुणा, आकृत्या ह्यांचा पसारा नव्हता. होते ते एक मूल आणि त्याच्या अंगावरचे फोड. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, पोटापाठीवर विरळ. कांजिण्यांचे ह्याच्या उलट, पोटापाठीवर दाट आणि हातापायांवर थोडे. देवीचे फोड एका जागी एकाच अवस्थेत असतात. कांजिण्यांत मात्र कोठे नवी पुटकुळी, कोठे पाणी भरलेला फोड, तर कोठे सुकलेली खपली, अशी सरमिसळ असते. देवी तळहाताला आणि तळपायालाही सोडीत नसे. हा सारा भेद शब्दांत सांगावयाचा म्हणजे एक धडाच लिहावा लागेल. चित्र पाहणारी आई तो धडा न शिकताच ओळखी, कारण तिने ते फोड पाहिलेले असत. चित्राने तिला नवे काही सांगितले नाही. तिला जे ठाऊक होते ते बोलण्याची वाट तेवढी मोकळी करून दिली. देवीचे नाव घेण्याचा संकोचही उरला नाही. 'होय, असे मूल पलीकडच्या पाड्यावर आहे,' एवढे बोट दाखवून सांगितले की काम झाले.

आता हिंदुस्थानातील मोहिमेकडे वळू. १९७३ साली रोग मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेश ह्या चार राज्यांत उरला होता. दिल्लीत डॉ. एम. आय. डी. शर्मा आणि त्यांचे सहकारी, तसेच जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉ. निकोल ग्रासे इत्यादिकांनी असे ठरविले की, महिन्यातून सुमारे आठवडाभर हिवताप, कुटुंबनियोजन वगैरे सर्व खात्यांच्या आरोग्यसेवकांनी आपापले काम बाजूस ठेवून केवळ रोगी शोधत हिंडावे. पहिला शोध १९७३ च्या ऑक्टोबरात झाला. उत्तर प्रदेश आणि बिहार ह्या दोन राज्यांतच सुमारे दहा हजार रोगी असे सापडले की ज्यांची कोठेच नोंद नव्हती. कचेऱ्यांत रोग ओसरत चालल्याचे तक्ते टांगलेले होते आणि गावांत तो धुमसत होता, हे त्या एका आठवड्यात स्पष्ट झाले.

आरंभी सेवक गावच्या पाटलाला, चौकीदाराला, मास्तरांना आणि मुलांना कार्ड दाखवून विचारीत. पुढे घरोघर जाण्याचा प्रघात पडला. आठवड्याच्या बाजारात तर ह्या कार्डाने फारच मोठी कामगिरी केली. एका बाजाराला वीस-पंचवीस गावांची माणसे येतात. बांगड्यांच्या दुकानापाशी किंवा चहाच्या टपरीपाशी उभे राहून कार्ड दाखविले की पंचक्रोशीची बातमी मिळे. कार्ड दाखविणाऱ्यालाही फारशा विद्येची गरज नव्हती. चित्र पुढे करावे, प्रश्न विचारावा आणि उत्तर धीराने ऐकून घ्यावे, एवढेच त्याचे काम.

बातमी देणाऱ्याला बक्षीस ठेवण्यात आले. १९७४ साली ते पन्नास रुपये होते, मग शंभर झाले आणि रोगी दिसेनासे झाले तेव्हा १९७५ साली हजारांवर गेले. सेवकांच्या पाठोपाठ तपासनीस जात. ते गावातल्या काही घरांत शिरून विचारीत : कार्ड घेऊन कोणी आले होते काय? चित्र कसले होते? रोगी दिसला तर कोठे कळवाल? बक्षीस किती? येथे परीक्षा गावकऱ्याची नव्हती. ती सेवकाची होती. गावकऱ्याला उत्तर आले नाही, तर सेवकाने चित्र नीट दाखविले नाही असा त्याचा अर्थ केला जाई. आरोग्यप्रचाराच्या इतिहासात हा उलटा न्याय मला फार मोलाचा वाटतो. एरवी अडाण्याला समजले नाही म्हणजे दोष अडाण्याचा, अशी आपली सोयीस्कर समजूत असते.

वाटेत निराशाही पुष्कळ आली. १९७४ साली बिहारमध्ये साथीने भयंकर रूप धारण केले. त्या एका वर्षात देशात १,८८,००० हून अधिक रोगी आणि ३१,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. शोध वाढला म्हणून आकडे वाढले हे खरे; परंतु मेलेली माणसे काही कागदावरची नव्हती. खोट्या बातम्याही पुष्कळ येत. कार्ड पाहून लोक कांजिण्यांचे, खरजेचे, गोवराचे रोगी दाखवीत. मोहिमेच्या चालकांनी ह्या बातम्यांना कधी नावे ठेवली नाहीत. कांजिण्यांची बातमी येते आहे, त्याअर्थी लोक पाहत आहेत आणि सांगत आहेत. देवी असती तर तीही सांगितली असती, असा त्यांनी अर्थ लावला. हजार रुपये बक्षीस असूनही कोणी देवीचा रोगी दाखवू शकत नाही, ह्यातूनच रोग संपल्याची खात्री पटत गेली.

हिंदुस्थानातील स्थानिक लागणीचा शेवटचा रोगी १७ मे १९७५ रोजी बिहारच्या कटिहार जिल्ह्यातील पाचेरा गावी आढळला. त्यानंतर आठवड्याभरात, २४ मे रोजी, बांगलादेशातून आलेल्या एका निराधार स्त्रीला आसामातील करीमगंजच्या रेल्वे स्थानकावर हा रोग झाल्याचे आढळले. तो ह्या भूमीवरचा शेवटचा. पुढेही दोन वर्षे कार्ड घेऊन शोध चालू राहिला आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने हिंदुस्थान देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा दिला. ८ मे १९८० रोजी साऱ्या जगाविषयी तशीच घोषणा झाली.

एवढ्यावरून सगळे श्रेय एका कार्डाला देणे हा अन्याय होईल. उष्णतेत टिकणारी सुकवलेली लस नसती, दोन टोकांची साधी सुई नसती, पायी हिंडणारे लक्षावधी सेवक नसते, तर चित्राने काहीच साधले नसते. आणि आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. रोगी सापडल्यानंतर त्याच्या भोवतालच्या लोकांना लस टोचताना काही ठिकाणी बळजबरी झाली. रात्री-अपरात्री दारे उघडावयास लावून, माणसे धरून सुया टोचल्याच्या हकिकती खुद्द त्या मोहिमेत वावरलेल्यांनीच लिहून ठेवल्या आहेत. ज्या मोहिमेने दिवसा चित्र पुढे करून अदबीने विचारले, तिनेच काही वेळा रात्री हात पिरगळला. रोग गेला, हे सत्य. आणि त्या रात्रींची आठवण काही घरांतून सहजासहजी गेली नसेल, हेही तितकेच खरे मानावे लागते. विचारण्याची रीत आणि लादण्याची रीत एकाच हातात असू शकतात, हे विसरून चालणार नाही.

मग इतर चित्रे का फसतात? आरोग्यप्रचारकांमध्ये एक जुनी गोष्ट सांगतात. कोणा वक्त्याने खेडुतांना हिवतापाची माहिती देताना पडद्यावर डास हत्तीएवढा मोठा करून दाखविला. व्याख्यान संपल्यावर एक म्हातारा उठून म्हणाला, 'साहेब, एवढे मोठे डास तुमच्याकडे असतील, तर तुमची काळजी खरी. आमच्याकडचे अगदी बारीक असतात.' ही गोष्ट घडली असो वा रचलेली असो, तिचे मर्म खोटे नाही. चित्र पाहणे ही देखील शिकावी लागणारी विद्या आहे. लहान वस्तू मोठी काढणे, दूरची वस्तू लहान काढणे, फुलीचा अर्थ 'हे करू नये' असा घेणे, चित्रांची मालिका डावीकडून उजवीकडे पाहत जाणे, हे सारे आपण पुस्तकांच्या संगतीत नकळत शिकलेले असतो.

१९७६ साली नेपाळात युनिसेफच्या वतीने डायना फसेल आणि ॲन हालंड ह्या दोघींनी ह्याची रीतसर परीक्षा केली. सुमारे चारशे खेडुतांना त्यांनी नाना तऱ्हांची चित्रे दाखविली आणि 'तुम्हाला काय दिसते?' एवढेच विचारले. चित्रातील वस्तू पुष्कळांनी ओळखल्या. परंतु त्या चित्रांतून शहरी माणसाला जो उपदेश अभिप्रेत होता, तो लोकांना दिसला नाही. चित्र म्हणजे कोणी आपल्याला काही सांगत आहे, अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. चित्रांचा क्रम लावण्याची आपली सवय त्यांना नव्हती. चिन्हे तर बहुतेकांना निरर्थक वाटली. त्यावरून निष्पन्न झाले ते असे की, नुसते चित्र टांगून माणूस दूर गेला तर ते मुके राहते. बोलणारा माणूस जवळ असावा आणि चित्र छापण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ते काढले त्यांनाच ते दाखवून पाहावे. देवीच्या कार्डाची कसोटी ह्या निष्कर्षांवर लावून पाहा. वस्तू एकच, तीही प्रत्यक्ष पाहण्यातली. चिन्ह नाही, मालिका नाही. आणि विचारणारा माणूस समोर उभा.

ही रीत पुढे नारूच्या निर्मूलनात पुन्हा कामी आली. नारूचे नाव निघताच हैदराबाद, बेळगाव, वडोदे, इंदूर येथील वडीलधाऱ्या श्रोत्यांना जुन्या बारवा आठवतील. पायातून हातभर लांबीचा दोरा बाहेर पडे. तो मोडला तर पाय सुजे आणि ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, कृमीची पिले पाण्यात शिरत, सूक्ष्म पाणकिड्यांच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. १९८४ साली देशात सुमारे चाळीस हजार रोगी मोजले गेले. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि राजस्थान ही राज्ये बाधित होती. ह्या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. होते ते रोगी शोधणे, त्याला पाण्यापासून दूर ठेवणे, पाणी दुहेरी कापडातून गाळणे आणि विहिरींची सुधारणा. देवीच्या मोहिमेतील घरोघर शोधाची पद्धती, चित्र दाखवून विचारणे आणि बातमीला बक्षीस, ही सारी हत्यारे येथेही परजली गेली. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० सालच्या फेब्रुवारीत देश नारूमुक्त ठरला.

श्रोते हो, आज साक्षरता पुष्कळ वाढली आहे. तरी इस्पितळाच्या ओसरीवर औषधाची पुडी हातात घेऊन गोंधळून उभी असलेली म्हातारी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. पुडीवर सूर्य काढलेला असतो, चंद्र काढलेला असतो. सूर्य म्हणजे सकाळची गोळी असे आपण गृहीत धरतो. दुपारी सूर्य नसतो काय, असे तिच्या मनात आले, तर चूक कोणाची? तिला चित्र दिल्याने आपले काम संपत नाही. 'आजी, ह्यात तुम्हाला काय दिसते? ही गोळी केव्हा घ्याल, ते मला सांगा पाहू,' असे विचारून तिचे उत्तर ऐकून घेण्यास अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटात चूक सापडली, तर ती तेथेच सुधारता येते. न सापडली, तर ती घरी गेल्यावर पोटात जाते.

देवीचे ते कार्ड आता कोठे कोठे संग्रहालयात पाहावयास मिळते. त्यातील मूल कोणाचे होते, हे कार्ड दाखविणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि पाहणाऱ्यांनाही नव्हते. तरी त्या मुलाकडे बोट दाखवून कित्येक आयांनी आणि शाळेतल्या पोरांनी जी साक्ष दिली, तिच्यावर विसंबून एक रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. त्या साक्षीदारांपैकी पुष्कळांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. त्यांनी पाहिले होते, आणि कोणीतरी त्यांना विचारले होते.